पराक्रमाची नोंद : नाईक यशवंत घाडगे यांच्या चरित्रपुस्तिकेची प्रस्तावना

बावीस वर्षांच्या आयुष्याचे चरित्र लिहावयास बसणाऱ्याची पहिली अडचण सामग्रीची असते. राजकारणी पुरुषामागे भाषणे राहतात, ग्रंथकारामागे ग्रंथ राहतात, सावकारामागेही खतावण्या राहतात. परंतु खेड्यातून फौजेत गेलेल्या आणि परमुलखात धारातीर्थी पडलेल्या तरुणामागे भरतीच्या दप्तरातील एक ओळ, पगारपत्रकातील एक नोंद, आणि दैवयोगाने त्याचा पराक्रम वरिष्ठांच्या दृष्टीस पडला असेल तर राजपत्रातील एक परिच्छेद, एवढेच काय ते उरते. मग रिकामी जागा भरून काढण्याचा मोह लेखकाला होतो. विशेषणे धावून येतात, नायकाच्या तोंडी त्याने कधीही न केलेली भाषणे घातली जातात, बाळपणीच त्याने वाघाच्या जबड्यात हात घातल्याच्या कथा रचल्या जातात, आणि अखेर मूळ मनुष्य त्या आराशीखाली दिसेनासा होतो. नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयीची ही छोटेखानी पुस्तिका या मोहापासून कटाक्षाने दूर राहिली आहे. हा तिचा मोठा गुण मला वाटतो, आणि म्हणूनच तिला चार शब्द जोडण्याचे मी आनंदाने मान्य केले.

कोकणातील एका वीराचे चरित्र जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावी का निघावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी येथला. तो मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा, भाताच्या खाचरांचा आणि नाचणीच्या डोंगरउतारांचा. आमचा मुलूख गोदावरीच्या खोऱ्यातला, काळ्या जमिनीचा, कापसाचा आणि उसाचा. ते इंग्रजी अंमलातले, आम्ही निजामाची रयत. परंतु ज्या जांबेत समर्थ रामदासांचा जन्म झाला ते गाव आमच्याच घनसावंगी तालुक्यातले आहे, आणि समर्थांचे कार्य मात्र चाफळ-सज्जनगडाच्या परिसरात फळास आले, ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना गोदातीर आणि सह्याद्री यांच्यामधले अंतर फार मोठे वाटण्याचे कारण नाही. शिवाय आजही पहाटे घनसावंगीच्या रस्त्याने निघावे तर भरतीच्या तयारीसाठी धावणारी पोरे भेटतात. शर्टाच्या बाहीने घाम पुसत, मोबाईलवर वेळ लावून, सोळाशे मीटरचे अंतर किती मिनिटांत कापले याचा हिशेब करीत असतात. ज्या पेशाचा उंबरठा ओलांडण्यासाठी ती एवढी धडपडतात, त्या पेशाचे शेवटचे टोक कोठे असते, हे त्यांना कोणीतरी खरेपणाने सांगावयास हवे. ही पुस्तिका मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

घाडगे ज्या पलटणीत होते तिची परंपरा जुनी आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीची उभारणी १७६८ सालची. मुंबई इलाख्याच्या पायदळातील निरनिराळ्या पलटणी कालांतराने एका नावाखाली आल्या, १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची पाचवी मराठा रेजिमेंट झाली, आणि बेळगाव हे तिचे केंद्र ठरले. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतील कुणब्या-मराठ्यांची मुले पिढ्यान्‌पिढ्या या पलटणींत जात आली. त्यांत देशकार्याची आकांक्षा किती आणि डोंगरी जमिनीच्या तोकड्या उत्पन्नाची निकड किती, याचे गणित मांडीत बसणे व्यर्थ आहे, कारण गरीब घरातल्या मनुष्याच्या निर्णयात पोट आणि मान या दोन्ही गोष्टी नेहमीच एकमेकींत मिसळलेल्या असतात. घाडगे तिसऱ्या पलटणीत होते. ही पलटण १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर लढली होती. पुढे ती १० व्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत उतरली.

१९४४ च्या उन्हाळ्यातील इटलीची परिस्थिती ध्यानी घेतल्यावाचून १० जुलैच्या प्रसंगाचे मर्म कळावयाचे नाही. ४ जून रोजी रोम दोस्तांच्या हाती पडले होते आणि जर्मन सेनापती केसेलरिंग याचे सैन्य उत्तरेकडे हटत होते. परंतु हे हटणे पळ नव्हते. उत्तरेच्या पर्वतराजीत ‘गॉथिक’ नावाची संरक्षणफळी बांधून पुरी होईपर्यंत वेळ मिळवावयाचा, आणि त्यासाठी वाटेतील प्रत्येक टेकडी, प्रत्येक कडा, प्रत्येक द्राक्षमळा शत्रूला महाग पडेल अशी व्यवस्था ठेवून मगच मागे सरकावयाचे, हे त्याचे धोरण होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पेरूजियाच्या उत्तरेस, दोन्ही बाजूंनी उंच होत जाणाऱ्या डोंगररांगांत १० व्या डिव्हिजनच्या पलटणी या धोरणाशी झुंजत पुढे सरकत होत्या. अशा युद्धात मोठ्या सेनापतींच्या नकाशांपेक्षा दहाएक माणसांच्या तुकडीला अधिक किंमत येते, कारण डोंगराची धार एवढी अरुंद असते की तिच्यावरून एका वेळी तेवढीच माणसे चढू शकतात. त्या तुकडीचा म्होरक्या म्हणजे नाईक. बाहीवर दोन फिती, हाती टॉमी गन, आणि मागे येणाऱ्या शिपायांची जबाबदारी.

१० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम मोर्च्यावर हल्ला चढविला. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि पाहता पाहता तुकडीतील प्रत्येक जण मेला किंवा जखमी होऊन पडला. उभा राहिला तो एकटा नाईक. येथे थांबून विचार करावा असे मला वाटते. तुकडी नष्ट झाल्यावर नायकाने आडोसा घ्यावा, मदतीची वाट पाहावी, मागील तुकडीला इशारा द्यावा, यात कोणत्याही लष्करी नियमाचा भंग झाला नसता, की कोणी त्याला बोल लावला नसता. आपल्याबरोबर यावयास आता कोणीही उरलेले नाही, हे पुरतेपणी जाणून घाडगे यांनी मोर्च्यावर धाव घेतली. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा या दोघांनाही निकामी केले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपले. आणि येथे बंदुकीची पेटी रिकामी झाली.

टॉमी गनची पेटी वीस किंवा तीस गोळ्यांची असते. रिकामी पेटी ओढून काढावयाची, कमरेच्या पिशवीतून भरलेली घ्यावयाची, खाचेत नीट बसवावयाची. कवायतीच्या मैदानावर सराईत शिपायाला याला काही क्षण पुरतात. मोर्च्यात अजून दोन शत्रू जिवंत होते आणि तेवढे क्षण घाडगे यांच्यापाशी नव्हते. त्यांनी बंदूक उलटी केली, नुकत्याच गोळ्या ओकून तापलेली नळी मुठीत धरली, आणि लाकडी दस्त्याच्या घावांनी ते दोघे संपविले. मोर्चा ताब्यात आला. तितक्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जो मोर्चा त्यांनी एकट्याने घेतला होता त्यातच त्यांनी प्राण सोडला.

शाळकरी मुलांच्या हाती द्यावयाच्या पुस्तकात दस्त्याच्या घावांचे वर्णन असावे काय, अशी शंका काहींनी घेतली. ते असावे, असेच माझे मत आहे. शौर्याची कथा सांगताना रक्त पुसून टाकले म्हणजे मुलांच्या मनात युद्धाचे एक खोटे, सणासुदीसारखे चित्र तयार होते, आणि त्या चित्राच्या भरवशावर जो रणांगणाकडे जातो त्याची फसवणूक होते. ते दोन जर्मन शिपाईही कोणाच्या तरी घरची मुले होती. ही गोष्ट मान्य केल्याने घाडगे यांच्या धैर्यास रतिभरही उणेपणा येत नाही. उलट त्या धैर्याची किंमत काय होती आणि ती कोणाकोणाला मोजावी लागली, हे स्पष्ट होते.

या कृतीची दखल त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लंडनच्या राजपत्राने घेतली आणि घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हा सन्मान राणी व्हिक्टोरियाने २९ जानेवारी १८५६ रोजी स्थापन केला. परंतु हिंदी शिपायांना तो मिळण्याची वाट १९११ सालीच मोकळी झाली. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की आरंभीच्या नियमांत मेलेल्या वीरास तो देण्याची तरतूदच नव्हती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तशी प्रथा पडली आणि १९२० च्या नियमावलीत तिला स्पष्ट स्थान मिळाले. मृत माणसाला पदक कशाला, असा व्यवहारी विचार त्या जुन्या नियमामागे असावा असे वाटते. परंतु पदक हे मृतासाठी नसतेच. ते त्याच्या घरच्यांसाठी असते, त्याच्या पलटणीसाठी असते, आणि पुढे त्याच पायरीवर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या तरुणासाठी असते. घाडगे यांचे थडगे इटलीत कोठेही ओळखता येत नाही; ज्यांची अंतिम जागा ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेल्या कासिनोच्या स्मारकावर त्यांचेही नाव आहे. ज्याला समाधी नाही त्याच्यासाठी कागदावरची नोंद हीच समाधी होते.

आता त्या प्रश्नाकडे वळावयास हवे, जो टाळून हे चरित्र लिहिणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. हे युद्ध कोणाचे होते? १९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्या सरकारला देशाने चालते होण्यास बजावले, त्याच सरकारच्या निशाणाखाली सुमारे पंचवीस लाख हिंदी सैनिक त्या महायुद्धात उतरले, आणि घाडगे त्यांपैकी एक होते. ज्या पदकाने त्यांचा गौरव झाला त्याला परकी राणीचे नाव होते. आमच्या बाजूला तर पारतंत्र्य दुहेरी होते; इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली निजामाचा अंमल, आणि त्या अंमलाखाली मराठी रयत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्याला स्वातंत्र्य पाहावयास मिळाले नाही, आणि ते मिळविण्यासाठी बळी गेलेल्या गोविंदराव पानसरे, बहिर्जी शिंदे यांसारख्या हुतात्म्यांच्या नावे कोणत्याही राजपत्रात परिच्छेद छापला गेला नाही. त्यांच्या स्मृतीचे ओझे गावोगावच्या लोकांनी स्वतःच वाहिले. मग एकीकडे सरकारी मोहोर असलेला वीर आणि दुसरीकडे सरकारविरुद्ध लढलेले वीर, यांना एकाच वाचनालयात शेजारी कसे बसवावे?

माझे उत्तर असे. युद्ध पुकारणाऱ्याचा हेतू आणि युद्धात उभ्या राहिलेल्या शिपायाचे धैर्य या दोन रकमा एकाच खात्यावर टाकू नयेत. पहिल्याचा जाब राज्यकर्त्यांकडून घ्यावा, आणि तो कठोरपणे घ्यावा. दुसऱ्याचे मोल त्या कृतीवरूनच ठरवावे. १० जुलैच्या त्या डोंगरावर घाडगे यांच्यापुढे साम्राज्य नव्हते, सिंहासन नव्हते. पुढे एक मशीनगन होती आणि मागे पडलेले सोबती होते, ज्यांच्यापैकी काहींचा श्वास अजून चालू असेल. ती मशीनगन चालू राहिली असती तर त्यांच्यापर्यंत मदत पोहोचली नसती, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या तुकडीचीही तीच गत झाली असती. स्वतःच्या जिवाची आशा सोडून दुसऱ्याच्या जिवासाठी जो उभा राहतो त्याचा वंश, त्याची फौज, त्याचे निशाण हे सगळे त्या क्षणी गौण होते. या कसोटीवर अर्जापूरचे हुतात्मे पानसरे आणि टायबरकाठचा नाईक एकाच पंक्तीत बसतात. सनद देणारे सिंहासन गेले; सनदेत लिहिलेली कृती गेली नाही.

स्वतंत्र भारताने ही समज लवकरच दाखविली. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली, ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली, आणि पहिले परमवीर चक्र बडगामच्या लढाईत पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. या पदकाची रचना सावित्री खानोलकर यांची, ज्या जन्माने युरोपीय होत्या आणि एका मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून येथल्या झाल्या. घाडगे यांची तिसरी पलटण पुढे छत्रीधारी झाली, आणि पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण या नात्याने ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशाच्या युद्धात टांगाइल येथे आकाशातून उतरली. निशाण बदलले, पदकांची नावे बदलली, पण पलटणीची वंशावळ तुटली नाही. म्हणूनच माणगावात उभा असलेला घाडगे यांचा पुतळा कोणा परकी राजाच्या चाकराचा वाटत नाही.

परंतु सर्वांत अनपेक्षित सन्मान आला तो ज्यांच्या भूमीवर ते पडले त्यांच्याकडून. जुलै २०२३ मध्ये पेरूजियाजवळच्या मोंतोने या छोट्या गावाच्या नगरसभेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी मिळून नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते पुतळ्याचे नाही, स्तंभाचेही नाही; ते एक सूर्यघटिकायंत्र आहे, आणि आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो या आशयाचे लॅटिन वचन त्याचे ब्रीद आहे. भारतीय सेनेचा फलकही तेथे लावला आहे. इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजनांचे ५०,००० हून अधिक सैनिक लढले; त्यांपैकी २३,७२२ मृत, जखमी वा बेपत्ता झाले, आणि ५,७८२ जणांनी प्राण दिले, ज्यांच्या स्मृती इटलीभर पसरलेल्या ४० युद्धस्मारकांत जतन केल्या आहेत. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा हिंदी फौजेतील सैनिकांचे होते. एखाद्या परक्या गावाने सुमारे ऐंशी वर्षांनंतर आपल्या भूमीत आमच्या माणसाचे नाव कोरावे आणि आमच्या शाळेतील मुलाला ते नाव ठाऊक नसावे, ही विसंगती दूर करणे एवढाच या पुस्तिकेचा उद्देश असता तरी तो पुरेसा होता.

लेखकाने घाडगे यांच्या शेजारी नामदेव जाधव यांचे प्रकरण जोडले आहे, त्याचे विशेष स्वागत केले पाहिजे. जाधव तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील निमजचे, जन्मसाल तेच १९२१, रेजिमेंट तीच, पलटण पहिली. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणले. मग परत जाऊन शत्रूची तीन मशीनगन-ठाणी निकामी केली, आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जगले. १९८४ पर्यंत जगले. मरण हा पराक्रमाचा अनिवार्य भाग आहे अशी समजूत तरुण वाचकाची होऊ नये, यासाठी ही दोन चरित्रे एकत्र वाचली पाहिजेत. घाडगे यांनी मरण मागितले नाही, त्यांनी मोर्चा घेतला. जाधव यांनी कीर्ती शोधली नाही, त्यांनी जखमींना उचलले. एकाला मृत्यूने गाठले आणि दुसऱ्याला सोडले, यात नशिबाचा भाग आहे. केलेल्या कामाच्या मोलात त्याने फरक पडत नाही.

पुस्तिकेच्या गुणांबरोबर तिची मर्यादाही सांगणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. घाडगे यांच्या बाळपणाविषयी आणि कुटुंबाविषयी येथे फार थोडे आहे. ज्यांना घटनांची रेलचेल हवी त्यांची निराशा होईल. परंतु जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच सांगून थांबण्यात जो संयम लागतो, तो आपल्या वीरचरित्रांत दुर्मीळ आहे, आणि भर घालून सांगितलेल्या कथेपेक्षा अपुरी पण खरी कथा वीराला अधिक न्याय देते. शिपायाने कृतीत जो काटेकोरपणा दाखविला तो लेखकाने नोंदीत दाखवावा, एवढी अपेक्षा काही गैरवाजवी नव्हे.

वाचकांना माझी विनंती एकच आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर कपाटात ठेवू नका. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या ज्या मुलाला तुम्ही ओळखत असाल त्याच्या हाती द्या, आणि त्याच्या आईवडिलांनाही वाचून दाखवा. आपल्या गावातून, आपल्या तालुक्यातून जे सैन्यात गेले, जे परत आले आणि जे आले नाहीत, त्यांची नावे, पलटणी आणि तारखा त्यांच्या घरच्यांना विचारून एका वहीत लिहून घ्या, ती वही वाचनालयात ठेवा, आणि तिच्यात खात्रीवाचून एक शब्दही घालू नका.

कुंभार पिंपळगाव,
ता. घनसावंगी, जि. जालना
१० जुलै २०२४